पार्सल, सिक्के आणि आम्ही चौघं

हवं असलेलं एखादं नाणं हाताला लागायला वर्ष-वर्ष जातं. किस्सा मात्र पार्सल दारात आल्या आल्या सुरू होतो! त्यामुळं आमच्या ग्रुपमध्ये नाणी कमी अन् किस्से जास्त, अशी परिस्थिती आहे. चहाला बसलं की एकाचा संपतो तोवर दुसऱ्याचा सुरू होतो. मूळ नाणं कोणतं होतं, हे विचारायचं राहूनच जातं.

ग्रुप म्हणजे फार मोठा नाही. आम्ही चौघंच. पारसशेठचं जालन्यात कापडाचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानचं, पण इथं इतक्या पिढ्या गेल्या की गिऱ्हाईकाशी मराठवाडी बोलतात अन् मारवाडी फक्त घरात. ते निजामाच्या काळातली नाणी जमवतात. अंकुशराव जाफराबादकडचे शेतकरी. कापूस, सोयाबीन, अन् स्वातंत्र्यानंतरची नाणी. सुनंदा मॅडम निवृत्त शिक्षिका, त्यांच्याकडं इंग्रजांच्या काळातले राजे-राण्या. चौथा मी, दत्ता. जुन्या जालन्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. मी नाणी जमवत नाही. या तिघांची नाणी पोस्टानं, कुरियरनं येतात, मी त्यांचे फोटो काढतो. रविवारी सकाळी सगळे स्टुडिओत जमतात.

मी या नादात कसा आलो, तिथून सुरुवात करतो.

* * *

अंकुशराव पहिल्यांदा स्टुडिओत आले तेव्हा मला वाटलं, पासपोर्ट फोटोला आलेत. मी खुर्ची दाखवली, आरशाकडं बोट केलं, कंगवा दिला. त्यांनी कंगवा परत दिला अन् खिशातून एक डबी काढली.

"माझा न्हाई काढायचा. याचा काढायचाय."

डबीत चांदीचं नाणं होतं. टांकसाळीतून थेट मागवलेलं, कोरं करकरीत, आरशासारखं चकचकीत. मी म्हणालो, एवढंच ना? नवरीच्या नथीवर लाईट मारणारा माणूस मी, माझ्यासाठी नाणं म्हणजे काय! फ्लॅश लावला, फोटो काढला, स्क्रीनवर दाखवला.

पांढराशुभ्र गोल. ना अक्षर, ना चित्र.

अंकुशराव शांतपणे म्हणाले, "हा पापड झाला."

मंग फ्लॅश काढला. कॅमेरा बराबर नाण्याच्या डोक्यावर धरला. लेन्स बदलली, श्वास रोखला, पुन्हा फोटो. या वेळी सगळं स्पष्ट आलं. अक्षरं, काठावरचे दाते, मधोमध सिंह. मी खुश. अंकुशरावांनी स्क्रीन मोठी करायला सांगितली. बराच वेळ बघत राहिले.

"फोटोग्राफर, राजमुद्रेत सिंह चार असतात. समोरून तीन दिसतात, चौथा मागं लपलेला असतो. हाय का न्हाई?"

"हो."

"तुमच्या फोटोत दिसून राह्यला की चौथा. टोपी घातलीय त्यानं!"

बघतो तर सिंहांच्या मागच्या चकचकीत जागेत मी. टोपीसकट, कॅमेऱ्यासकट!

तो फोटो जमेपर्यंत मी त्यांना जाऊ दिलं नाही. शेवटी काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढली, म्हणजे नाण्यात माझ्याऐवजी काळा पुठ्ठाच दिसेल. दोन्ही बाजूंच्या दिव्यांपुढं बटर पेपर लावला. मंग कुठं नाणं नाण्यासारखं दिसलं. अंकुशराव फोटो घेऊन गेले. पुढच्या रविवारी आणखी दोघांना घेऊन आले. ते दोघं म्हणजे पारसशेठ आणि सुनंदा मॅडम.

* * *

अंकुशरावांची पार्सलं आधी त्यांच्या गावातल्या घरी यायची. ते बंद का झालं, ते सांगतो.

एकदा जयपूरच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी नाणी मागवली. त्या भल्या माणसानं माल कापसात गुंडाळून, पुठ्ठ्यात बांधून, चारही बाजूंनी टेप मारून एकदम झकास पॅक केला. अन् वर, आत काय आहे ते सगळ्यांना कळावं म्हणून, मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं : 'प्राचीन सिक्के'!

पोस्टमननं पार्सल दिलं ते गावच्या पारावर. तिथं बसलेल्या चार जणांनी ते वाचलं. दुपारपर्यंत गावात बातमी पसरली की अंकुशला वावरात हंडा सापडला. संध्याकाळपर्यंत हंड्याचे दोन झाले. कोणी म्हणालं, रात्री नांगर कशाला चालवत होता ते आत्ता कळलं. कोणी म्हणालं, मोठं घर बांधणार बघा. अंकुशरावांच्या मंडळींना बायका विहिरीवर विचारायला लागल्या, "सोनं हाय का चांदी?"

हसण्यावारी नेलं असतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा चुलतभाऊ भगवान टेप घेऊन वावरात हजर! दोघांच्या वावरात एकच बांध. बोलणं आधीच कमी, त्यात हे.

"कुठं सापडलं ते दाखव," भगवान म्हणाला. "बांधाच्या तिकडं सापडलं असंल तर तुझं. इकडं सापडलं असंल तर माझं. मधी सापडलं तर अर्धं-अर्धं. मी मोजायलाच आल्तो."

अंकुशरावांनी समजावून पाहिलं. नाणी विकत आणलीत, पोस्टानं आलीत. भगवान ऐकेना. पैसे देऊन जुने पैसे कोण आणतं, हा त्याचा मुद्दा. अन् तसा तो मुद्दा चुकीचा नाही!

शेवटी अंकुशरावांनी घरातून पार्सलचा कागद आणून त्याच्यापुढं धरला.

"हे बघ भगवान. हे जयपूरहून आलंय. आता जयपुरात आपला बांध कुठून जातो तेवढं दाखव. लगेच अर्धं देतो."

भगवाननं टेप गुंडाळली. पण दोघं त्या दिवशी बांधावर बसून पहिल्यांदा नीट बोलले, असं अंकुशराव सांगतात. तेव्हापासून ते प्रत्येक व्यापाऱ्याला फोन करून आधी बजावतात : बाहेरून 'नाणी', 'सिक्के', 'चांदी' काहीच लिहायचं नाही. अन् पार्सल माझ्या स्टुडिओच्या पत्त्यावर.

* * *

पारसशेठचा छोटासा.

जुन्या चांदीवर वर्षांनुवर्षं एक काळपट-निळसर थर चढतो. नाणी जमवणाऱ्याला तो थर म्हणजे जीव की प्राण. त्याला हात लावायचा नाही, पुसायचा नाही, धुवायचं तर नावच काढायचं नाही. पारसशेठनी असं एक निजामाचं नाणं कलकत्त्याहून मागवलं. मोराच्या मानेसारखा रंग होता त्याच्यावर. मला म्हणाले, दिवाळीनंतर निवांत फोटो काढू.

दिवाळीच्या आधी त्यांच्या मंडळींनी, कांताभाभींनी, देवाची चांदीची भांडी काढली. समई, ताम्हण, निरांजन. शेजारी कपाटात एक काळं पडलेलं नाणं दिसलं. बिचाऱ्यांनी तेही घेतलं. चिंच, मीठ, राख. चांगलं घासून घासून.

मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा पारसशेठ सोफ्यावर बसले होते. समोर ताटलीत नाणं. एकदम पांढरं!

भाभी चहा घेऊन आल्या. आनंदानं म्हणाल्या, "दत्ताजी, इतकं काळं झालं होतं, फोटोत काय दिसलं असतं? आता चांगला येईल ना फोटो?"

मी पारसशेठकडं पाहिलं. ते पंख्याकडं बघत होते.

"येईल भाभी," मी म्हणालो.

खरंच झकास आला. पारसशेठनी तो अजून उघडून पाहिला नाही.

* * *

सुनंदा मॅडम मला चौथीत शिकवायला होत्या. आजही माझ्या मोबाईलवरच्या मेसेजमधलं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत पाठवतात. त्यांना एखादी गोष्ट एकदा सांगितली की ती दगडावरची रेघ.

बँकेतल्या पोरीनं त्यांना सांगितलं होतं, "मॅडम, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. कोणालाही म्हणजे कोणालाही!"

काही दिवसांनी त्यांचं नाणं आलं. कुरियरवाला दारात. म्हणाला, "मॅडम, ओटीपी सांगा."

"नाही सांगणार."

"अहो, त्याच्याशिवाय पार्सल देता येत नाही."

"कोणालाही सांगायचा नाही, असं सांगितलंय."

"पण मलाच सांगायला आलाय तो!"

"कोणालाही म्हणजे कोणालाही," मॅडम म्हणाल्या. "आणि त्यात तुम्ही आलात."

त्याला पाणी दिलं. उन्हातून आला म्हणून सरबत दिलं. ओटीपी दिला नाही. पार्सल परत गेलं. मंग मी जाऊन समजावलं : पार्सल डोळ्यासमोर असेल, त्यावर आपलं नाव असेल, पाकीट कुठं फाटलेलं नसेल, तर दारात उभ्या माणसाला तो नंबर सांगायचा. फोनवरच्या माणसाला नाही. मॅडमनी ते माझ्याकडून पुन्हा म्हणून घेतलं, मी नीट सांगितलं का ते तपासलं, अन् पास केलं.

पुढं खरी परीक्षा झाली. दुपारी फोन आला. "मॅडम, तुमचं नाण्याचं पार्सल अडकलंय. पत्ता कन्फर्म करायला एक ओटीपी येईल, तो सांगा." माणूस अगदी गोड बोलणारा. अन् मॅडमचं एक नाणं खरंच रस्त्यात होतं! आम्ही कोणी असतो तर सांगून बसलो असतो.

मॅडम म्हणाल्या, "कोणतं नाणं आहे?"

"जुनं आहे, मॅडम."

"राजाचं की राणीचं?"

जरा थांबून तो म्हणाला, "राजाचं."

"कोणत्या राजाचं? मुकुट आहे की बोडका? तोंड कोणीकडं आहे?"

मंग तो म्हणाला, "मॅडम, मुकुट आहे. तोंड… समोर आहे."

"समोर!" मॅडम ओरडल्या. "नाण्यावरचा राजा समोर बघतो होय रे? बाजूला बघतो बाजूला! अभ्यास करून ये, मंग फोन कर!"

त्यानं फोन ठेवला. मॅडमना आजपर्यंत वाईट वाटतं ते एवढंच, की पोरगं ढ निघालं.

* * *

आता जरा गंभीर.

पारसशेठनी एका वेबसाईटवर निजामाचा एक रुपया पाहिला. त्यावर चारमिनार असतो, अन् मधल्या कमानीत एक बारकं अक्षर. त्यांचे आजोबा याच रुपयांत कापड विकायचे, म्हणून ते नाणं त्यांना हवंच होतं. वेबसाईटवरच्या फोटोत डाव्या मिनाराजवळ एक छोटासा टोचा, म्हणजे बारीक खड्डा, दिसत होता. तेवढं सोडलं तर नाणं अव्वल. मागवलं.

पार्सल माझ्या स्टुडिओत आलं. आमची पद्धत ठरलेली : पार्सल फोडायच्या आधी व्हिडिओ सुरू, आधी सगळ्या बाजूंनी पाकीट दाखवायचं, मंग न थांबता कापायचं, नाणं बाहेर काढून दोन्ही बाजू अन् कड दाखवायची, मंगच व्हिडिओ बंद. तसं केलं. पारसशेठ खुश झाले. मी तिरपा उजेड सोडून फोटो काढायला घेतला. उजेड एका बाजूनं खाली आणला की नाण्यावरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो, काही लपत नाही.

मला टोचा सापडेना.

मला वाटलं, कोन चुकला. नाणं फिरवलं. दिवा फिरवला. टोचा नाही. मंग कड पाहिली. कडेवरून गोल एक बारीक रेघ गेलेली, दोन वाट्या जोडल्यासारखी. ठसा मारलेल्या नाण्याला अशी रेघ नसते. साच्यात ओतलेल्याला असते.

पारसशेठ खुर्चीवर बसले. "नकली?"

मी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून दाखवले.

त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. तो आधी म्हणाला, फोटो नमुन्याचा असतो. मंग म्हणाला, आमच्याकडून बराबर गेलं होतं, तुम्हीच बदललं असेल. पारसशेठचा चेहरा लाल झाला. दुकानात कधी कोणी त्यांना असं बोललेलं नाही. पण आवाज चढवला नाही.

"शेठ, मी बी दुकानदार हाय," ते म्हणाले. "गिऱ्हाईकाला ठाण एक दाखवायचं अन् कापून दुसरं द्यायचं, हे आमच्या गल्लीत चालत न्हाई. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ हाय, कडेचा फोटो हाय, तुमच्या वेबसाईटचा फोटो बी हाय. तिन्ही पाठवून राह्यलो. बघा, मंग बोला."

तासाभरानं फोन आला. आवाज एकदम मऊ. गडबडीत दुसऱ्या डब्यातलं गेलं म्हणे. ते परत घेतलं अन् दाखवलेलं पाठवलं.

खरं नाणं आलं त्या दिवशी पारसशेठनी स्वतः पेढे आणले. मी फोटो काढला. डाव्या मिनाराजवळ टोचा, अगदी ठळक. त्यांनी तो फोटो कौतुकानं ग्रुपवर टाकला.

खाली अंकुशरावांचा मेसेज आला : "शेठ, याला टोचा पडलाय. बदलून घ्या!"

* * *

अंकुशरावांच्या एक मावशी पिंपळगाव रेणुकाईला असतात. सुभद्रामावशी. त्यांच्याकडं रुपयांची माळ होती, म्हणजे राणीच्या छापाचे चांदीचे रुपये, प्रत्येकाला वर कडी, एका दोऱ्यात ओवलेले. सासूनं त्यांच्या गळ्यात घातलेली. नातीचं लग्न ठरलं, माळ बाहेर काढली, तर एक रुपया कमी. कापूस वेचताना कधीतरी पडला असणार.

मावशी जिद्दीला पेटल्या. नातीच्या गळ्यात माळ पुरी जाईल, न्हाई तर जाणार न्हाई.

राणीचे रुपये म्हणजे सुनंदा मॅडमचं खातं. त्यांनी फोटो मागवला, छाप ओळखला अन् ओळखीच्या व्यापाऱ्याकडून त्यातल्या त्यात उत्तम नाणं मागवलं. ते कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद होऊन आलं. राणीच्या केसांची बट न् बट मोजून घ्यावी! आम्ही सगळे खुश. पारसशेठ म्हणाले, असं नाणं माळेत घालायचं म्हणजे पाप आहे.

मावशी जालन्याला आल्या. डबी उघडून दिली. त्यांनी नाण्यावरून अंगठा फिरवला. अन् खाली ठेवलं.

"हे न्हाई."

"मावशी, तेच हाय," अंकुशराव म्हणाले. "तीच राणी."

"तीच असंल. पण हिचं नाक हाय अजून." त्यांनी माळेतला एक रुपया उचलून दाखवला. राणीचा चेहरा गुळगुळीत, नुसता उंचवटा. "हिचं बघ. माझ्या सासूच्या सासूपासून घासून घासून बसलंय. ही नवी बाई कोणाच्या गळ्यात न्हाई राह्यली. नातीला टोचंल."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. ज्या माणसांनी आयुष्यभर कोऱ्या नाण्यामागं धावाधाव केली, ती आता झिजलेलं नाणं शोधायला लागली! मॅडमनी त्याच व्यापाऱ्याला फोन केला. त्याला खरंच वाटेना. म्हणाला, "मॅडम, तुम्ही? जेवढं झिजलेलं तेवढं चांगलं? तब्येत बरी आहे ना?"

त्यानं फोटो पाठवायला सुरुवात केली. मॅडम एकेक नापास करत गेल्या. "हिचं नाक आहे. हिचेही ओठ दिसतात. आणखी झिजलेलं नाही का?"

शेवटी एक आलं. मावशींनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "हं," म्हणाल्या. "ही घरची."

सोनार कडी डागत होता तेव्हा पारसशेठ अन् मॅडम दोघंही बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. नाण्याला आच लावलेली त्यांना बघवेना.

माळ पुरी झाल्यावर मी काळ्या कापडावर मांडून फोटो काढायला लागलो. मावशींनी हात धरला. "अशी न्हाई. ही काय दुकानात मांडायची हाय? पोरीच्या गळ्यात घाल, मंग काढ."

लग्नात काढला. नंतर मोठा करून निरखून पाहिला. नवा रुपया कोणता ते मला कळेना. मावशींना विचारलं.

त्यांनी फोटोकडं पाहिलंसुद्धा नाही. "कळाया नको म्हणून तर बसवला," म्हणाल्या.

* * *

अन् आता शहागडचा.

काही लोक अशी नाणी शोधतात ज्यांत टांकसाळीतच चूक झालेली असते. ठसा तिरका बसलेला, कड सुटलेली. चुकून बाहेर पडलेलं नाणं, म्हणून दुर्मिळ. अंकुशरावांना त्यातलं एक हवं होतं. दहा रुपयांचं नाणं असतं ना, बाहेर पिवळं कडं अन् मध्ये पांढरा गोळा? त्यातला गोळा मधोमध न बसता एका बाजूला सरकून बाहेर डोकावणारा. कितीतरी दिवस ते या नाण्याच्या मागं होते. दोनदा ऑनलाईन लिलावात हातचं गेलं. तिसऱ्यांदा मिळालं. त्या दिवशी त्यांनी मला वावरातून व्हिडिओ कॉल केला अन् नुसतेच हसत राहिले.

लग्नसराई होती, माझा स्टुडिओ दिवसभर बंद. गावात त्यांना पार्सल नको होतं. म्हणून त्यांनी पत्ता दिला शहागडचा. तिथं हायवेला त्यांच्या दाजींचं चहा-नाष्ट्याचं हॉटेल. दिवसभर माणूस हजर, ट्रकवाल्यांची वर्दळ, पार्सल चुकायचा प्रश्नच नाही. दाजींना फोन केला : "माझं एक पार्सल येईल, घेऊन ठेवा." आत काय आहे ते सांगितलं नाही. जपून राहायचं म्हणून!

पार्सल मिळाल्याचा मेसेज आला तसे आम्ही दोघं माझ्या गाडीतून निघालो. मी कॅमेरा, दिवे, काळं कापड सगळं सोबत घेतलं, कारण अंकुशरावांना फोटो तिथंच काढायचा होता, नाणं खिशात घालायच्या आधी. वाटेत त्यांनी मला नाण्याचा लिलावातला फोटो पुन्हा पुन्हा दाखवला. गाडी चालवू देईनात!

दाजींनी जोरदार स्वागत केलं. भजी, चहा. अंकुशरावांचं लक्ष कुठंच नव्हतं.

"दाजी, पार्सल?"

"आलंय ना." दाजींनी काउंटरखालून पुठ्ठ्याचा खोका काढला. फोडलेला. "तुझी अक्का म्हणाली, फुटकं-तुटकं हाय का बघून घ्या, न्हाई तर परत देता यायचं न्हाई. म्हणून फोडलं. पण अंकुश, तुला फसवलं रे त्यांनी. आत मालच न्हाई!"

अंकुशरावांनी खोका उलटा केला. कापूस पडला, पुठ्ठा पडला, एक रिकामी प्लॅस्टिकची पुडी पडली.

"काहीच नव्हतं आत?"

"काहीच न्हाई. निस्ते सुट्टे होते. तुझे उरलेले पैसे वापस पाठवले असतील बिचाऱ्यानं. दहाचा एक सिक्का."

अंकुशराव काउंटरवर वाकले.

"दाजी," ते एकदम हळू म्हणाले, "तो सिक्का कुठंय?"

"दिला की सकाळी. एक ट्रकवाला आल्ता, पार तामिळनाडूचा. त्याला सुट्टे पाहिजे होते, त्यात दिला."

बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. एकामागं एक, दोन्हीकडं. अंकुशराव त्यांच्याकडं बघत होते, मी अंकुशरावांकडं. दाजींना वाटलं, पाव्हण्याला आपलं कौतुक वाटून राह्यलं. ते गल्ल्यावरून पुढं वाकले, आवाज खाली आणला अन् छाती फुगवून म्हणाले,

"तुला तर माहितीय अंकुश, आपल्या भागात दहाचा सिक्का कोणी हातात बी घेत न्हाई. त्यात तो बिघडलेला होता, मधला गोळा पार एका बाजूला सरकलेला. पण म्हटलं, मेहुण्याचे पैसे हायेत, वाया कशाला जाऊ द्यायचे? बराबर चालवला!"